दांडीवरचे १६० किलो

सांगलीजवळच्या, कृष्णाकाठच्या सांगलवाडीत राहणाऱ्याला नदी फुटांत पाठ असते. आयर्विन पुलापाशी ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका, हे आमच्याकडं शाळेतलं पोरगंही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही घरचे सहा जण आणि शेजाऱ्यांच्या दोन शेळ्या वरच्या मजल्यावर होतो. बोट येतेय, बोट येतेय, हे ऐकण्यात दीड दिवस गेला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेवढ्यात शहाणे झालेलो असल्यामुळं आधीच बाहेर पडलो.

त्यानंतर गल्लीतल्या मंडळानं ठरवलं की वर्गणी काढायची आणि आपली बोट घ्यायची. ठरवायला एक मिटिंग लागली, पैसे जमायला तीन गणपती गेले. २०२५ च्या जानेवारीत १६ फुटी फायबरची बोट आणि ३० हॉर्सपॉवरचं वापरलेलं इंजिन घेतलं. बोटीच्या नोंदणीची कथा वेगळी आहे, ती ज्यानं धावपळ केली त्यानं लिहावी. माझ्याकडं आलं ते रस्त्यावरचं काम: बोट गाडीमागं ओढायची कशी.

बोट नदीकाठीच असणार, तर ओढायची कशाला, असं मलाही आधी वाटलं होतं. पण पुरात पाण्याची कड रोज बदलते. आज जिथून बोट सोडली तिथं उद्या आठ फूट पाणी असतं, आणि परवा ओसरल्यावर चिखल. शिवाय पाणी चढलं की सांगलवाडी तुटते, मग आत अडकलेली बोट बाहेरच्यांच्या उपयोगाची नाही. म्हणून बोट उंचावर, विश्रामबागेत एका मित्राच्या शेडमध्ये ठेवायची आणि पाणी जिथं असेल तिथं न्यायची, असं ठरलं. टेंपोत चढवायला बारा माणसं लागायची. ट्रेलर असेल तर तिघं पुरतात.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. यंत्रातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जे लिहितोय ते चुका करत शिकलेलं आहे.

फेब्रुवारीत कुपवाड एमआयडीसीत एका मिस्त्रींकडं गेलो. ते उसाच्या ट्रॉल्या बनवतात. त्यांनी बोटीचा फोटो बघितला, कागदावर चार रेघा मारल्या आणि म्हणाले, "आठ दिवसांत देतो. ५५ हजार. पण पासिंगचं माझ्याकडं मागू नका." ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, हे मला तिथंच कळलं. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याला स्वतःचा चेसिस नंबर, स्वतःची नंबरपाटी, स्वतःचा विमा. नमुना २० मधला अर्ज, विक्रेत्याचा नमुना २१ आणि बनवणाऱ्यानं रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं लिहून दिलेला नमुना २२, ही कागदं लागतात. शेवटचा कागद देण्यासाठी बनवणाऱ्याकडं त्या नमुन्याच्या ट्रेलरची मंजुरी असावी लागते. मिस्त्रींकडं ती शेतीच्या ट्रॉलीची होती, बोटीच्या ट्रेलरची नव्हती.

कुणी म्हणालं, पुरात कोण बघतंय पासिंग? खरं आहे. पण जूनमध्ये सराव करायचा, जुलैत कवठेमहांकाळच्या तलावावर पोरांना शिकवायला न्यायचं, तेव्हा रस्त्यावर एखाद्या दुचाकीला ट्रेलर घासला तर मंडळाच्या अध्यक्षाला कोर्टात कोण सोडवणार? ट्रेलर मंजुरीवालाच घ्यायचा ठरला. पुण्याकडच्या एका कारखान्यात मिळाला. एका आखाचा, जस्त चढवलेला, ओव्हररन ब्रेकचा. जीएसटी धरून १ लाख ३२ हजार. पाडव्याला आणायचा होता, मिळाला ४ एप्रिलला.

मधल्या काळात जीपला हुक बसवून घेतला. आमची जीप मंडळातल्याच एकाची, २०१६ ची, डिझेल, मागं पाटे. तिच्या पुस्तकात किती वजन ओढता येईल याचा आकडा नाही. हुक चेसिसला नट-बोल्टनं बसणारा घेतला, १४ हजार ५०० रुपये, ७ पिनांची लाइटची जोडणी धरून. एक गोष्ट इथंच सांगतो, कारण ती मला ऐनवेळी कळली. हुकाचा बॉल ५० मिलिमीटरचा असतो, तसाच अमेरिकन मापाचा २ इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचाही असतो. डोळ्याला फरक दिसत नाही. २ इंचीचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी, ५० च्या बॉलवर बसतो, बंद होतो, आणि खड्ड्यात उडतो. बॉलवर माप कोरलेलं असतं, ते बोटानं चाचपून वाचा. आमच्या दुकानदारानं आधी २ इंचीचा बॉल दिला होता. ट्रेलरचा कपलर ५० चा असल्यामुळं तो नीट बसलाच नाही, म्हणून बरं. उलट असतं तर खंबाटकीच्या घाटातच निकाल लागला असता.

रिकामा ट्रेलर पुण्याहून आणताना काही त्रास झाला नाही. रिकामा ट्रेलर फक्त उड्या मारतो.

६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, बोट ट्रेलरवर चढवली. इंजिन, दोन कॅन पेट्रोल, वीस लाइफ जॅकेट, दोर, वल्ही. संध्याकाळी माधवनगर रस्त्यानं तासगावकडं निघालो. पहिल्याच गतिरोधकावर खालून खर्रर्र आवाज आला. ट्रेलरच्या पुढच्या बाजूला उभं राहायचं छोटं चाक असतं, ते घासलं. अंधार पडला तशी समोरची प्रत्येक गाडी आम्हाला अप्पर-डिप्पर मारायला लागली. संजूभाऊ चालवत होता. तो म्हणाला, "मी डिप्परवरच हाय." खाली उतरून बघितलं तर जीपचं बूड बसलेलं आणि नाक आभाळाकडं. बल्ब डिप्परवर असले तरी प्रकाश झाडांच्या शेंड्यात.

पण खरी भीती स्टिअरिंगची होती. संजूभाऊच्या शब्दांत, "हातात काय लागंना." वळणावर चाक फिरवलं की गाडी एक क्षण विचार करून मग वळायची. कवठेएकंदच्या अलीकडूनच परत फिरलो, ३० च्या वेगानं.

त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसलो. मागची बाजू खचते, पुढची उचलते, स्टिअरिंग हलकं होतं. तिन्ही लक्षणांवर एकच औषध सगळीकडं लिहिलेलं: वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. मग मी तीन आठवडे त्याच्यामागं लागलो.

हे प्रकरण काय आहे ते मला जसं समजलं तसं सांगतो. दोन शिड्या टोकाला टोक बांधून आडव्या धरल्या तर मधल्या गाठीपाशी लवतात. गाठ आवळली की ताठ होतात आणि ओझं दोन्ही टोकांकडं सरकतं. जीप ही एक शिडी, ट्रेलर दुसरी, हुक ही गाठ. या हिचच्या डोक्यातून दोन जाड स्प्रिंगबार निघतात, ट्रेलरच्या दांड्यांखालून मागं जातात आणि साखळीनं वर ताणून अडकवले जातात. ताण दिला की जीपच्या मागच्या आखावरचं काही वजन पुढच्या आखावर जातं, काही ट्रेलरच्या आखावर जातं. एकूण वजन तेवढंच, वाटणी वेगळी.

आणि वजन पुढून कमी का होतं? इथं माझ्या धंद्याचा उपयोग झाला, कारण ही तराजूची गोष्ट आहे. जीपच्या दोन आखांमध्ये साधारण २.७ मीटर. मागच्या आखापासून बॉल १.१ मीटर मागं. बॉलवर वजन टाकलं की मागचा आख हा टेकू होतो आणि जीपचं नाक उचलतं. बॉलवर १०० किलो ठेवले तर मागच्या आखावर १०० नाही, सुमारे १४० चढतात. वरचे ४० पुढच्या आखाकडून आलेले असतात. पुढची चाकं तेवढी हलकी, म्हणून स्टिअरिंग मऊ.

हे कळल्यावर माझी खात्रीच पटली की हिच घ्यायचाच. पुण्यातल्या एका गाड्यांच्या सामानाच्या दुकानदाराला फोन केला. तो परदेशातून मागवून देणार होता. सव्वा महिना, ७० हजारांच्या आसपास, कस्टम वेगळं. मंडळाच्या खात्यात ४१ हजार शिल्लक होते. मी पुन्हा पावतीपुस्तक काढायच्या तयारीत होतो.

ऑर्डर देण्याआधी त्यानं कॅटलॉग पाठवला, आणि एकेक आकडा वाचता वाचता माझी झोप उडाली. ट्रेलरची पुढची दांडी हुकावर जेवढा भार टाकते ते दांडीवरचं वजन. बहुतेक संच दांडीवरच्या ६०० पौंडांपासून सुरू, म्हणजे २७२ किलो. पुढं ८००, १०००, १२०० पौंड. हे सगळं तिकडच्या मोठ्या कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे गाडीमागं ओढायच्या चाकांवरच्या घरांसाठी, जिथं ट्रेलरच दोन-तीन टनांचा असतो. आमचा ट्रेलर बोटीसकट टनाच्या आत. हलक्या ओझ्याला जाड स्प्रिंगबार लावले तर ते लवतच नाहीत, सगळे धक्के थेट चेसिसला.

दुसरं म्हणजे त्या संचाचंच वजन ४० किलोच्या घरात. शेपटीवरचं ओझं कमी करायला शेपटीला ४० किलोचं लोखंड बांधायचं!

मग रिसीव्हर. त्या हिचचा दांडा २ इंची चौकोनी नळीत बसतो. आमच्याकडं बसवलेला हुक साध्या पट्टीचा, बॉल बोल्टनं घट्ट केलेला. नळी नव्यानं बसवावी लागणार, आणि ती नुसतं खाली दाबणारं वजन झेलणारी चालत नाही. स्प्रिंगबार ताणले की ते त्या नळीला पिळतात, सगळा पीळ चेसिसच्या टोकाला येतो. अशा रिसीव्हरवर दोन आकडे छापलेले असतात, नुसतं वजन झेलण्याचा एक आणि वजन वाटण्याचा दुसरा. एकच आकडा छापलेला असेल तर त्यावर ही हिच लावायच्या आधी विचारायचं.

आणि बोटीच्या ट्रेलरची स्वतःची अडचण असतेच. कॅरॅव्हॅनच्या ट्रेलरला पुढं दोन दांडे इंग्रजी व्ही सारखे येऊन मिळतात, साखळ्यांचे ब्रॅकेट त्यांच्यावर बसतात. आमच्या ट्रेलरला शेवटचे चार-साडेचार फूट एकच चौकोनी दांडी. ब्रॅकेट बसवायला जागाच नाही, वेगळा जोड लागतो. त्यात ओव्हररन ब्रेक. हा ब्रेक कसा चालतो? जीपनं ब्रेक मारला की ट्रेलर मागून ढकलतो, कपलरमागची नळी आत सरकते आणि त्या दाबानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. स्प्रिंगबारांनी तीच नळी आवळून धरली तर ती सरकायची कशी? काही हिच या ब्रेकसोबत चालतात, बऱ्याच चालत नाहीत. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "चालेल, सगळ्यांचं चालतं." कारखान्याला विचारलं तर त्यांनी सरळ लिहून पाठवलं की आमच्या कपलरवर लावू नका. लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या, एवढं सांगतो. फोनवरचं "चालेल" फुकट असतं.

२८ एप्रिलला पुन्हा कुपवाडला गेलो, मिस्त्रींकडं. माझ्या डोक्यात अजूनही होतं की ते स्प्रिंगबार इथंच बनवून घेऊ, जुन्या पाट्यांचे. सगळी कथा सांगितली, मोबाइलवरची चित्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "दिवाणजी, दांडीवर वजन किती हाय?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या हळदीचं वजन करतोय, आणि तीन आठवडे ज्या वजनाची वाटणी करायला निघालो होतो ते मोजलंच नव्हतं.

"आधी मोजा की. जादा असंल तर कमी करा. वाटत कशाला बसताय?"

घरी आबांना सांगितलं तर ते हसले. त्यांनी बैलगाडी हाकलेली. पोती भरताना दांडीला हात लावून बघायचे. मागं भार झाला की गाडी उलाळ, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास. पुढं भार झाला की बैलांची मान मोडते. भरताना एखादं पोतं मागं-पुढं सरकवलं की झालं. "बैलाला कुणी स्प्रिंगा लावल्याचं मी तरी बघितलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि टीव्हीकडं वळले.

३० एप्रिलला अक्षय्यतृतीया होती, दुकान बंद. सकाळी यार्डातल्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला. जीप सोडवून बाहेर काढली, ट्रेलर पुढच्या छोट्या चाकासकट पूर्ण काट्यावर ठेवला: ७८० किलो. पावती १०० रुपये. पण दांडीवरचं वजन मोठ्या काट्यावर मोजू नका. आमचा काटा १० किलोच्या टप्प्यानं दाखवतो, आणि इथं भांडण त्याच दहा-वीस किलोंचं असतं.

त्यासाठी घरचा वजनकाटा घेतला, माणसं उभी राहतात तो. चाकांना दगड लावले, सपाट जागा बघितली, कपलर जीपला जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतो तेवढ्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवला आणि छोटं चाक वर उचललं. काट्यानं चार रेघा दाखवल्या. त्याची मर्यादा १५० ची.

मग फळी काढली. एक टोक विटांवर, दुसरं काट्यावर, आणि दांडीचं वजन फळीच्या बरोबर मध्यावर. काट्यावर निम्मं येतं. फळीचं स्वतःचं आधी बघून वजा करायचं. काटा ८० वर थांबला. म्हणजे १६०. एकूण वजनाच्या वीस टक्के दांडीवर!

ट्रेलरला दांडीवर १० ते १५ टक्के असावेत असं सर्वसाधारण सांगतात. बोटीच्या ट्रेलरला इंजिन मागं असल्यामुळं ५ ते १० पुष्कळ जण मान्य करतात. ५ च्या खाली गेलं की ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो, तेच उलाळ. ते वेड हिच लावूनही सुटत नाही, वजनच पुढं घ्यावं लागतं. पण २०? आमच्या जीपच्या पुढच्या आखावरून ६५ किलो उचलले जात होते आणि मागच्यावर २२५ पडत होते. त्यावर मागच्या सीटवर चार माणसं.

कारण साधं निघालं. कारखान्यानं आख सगळ्यात मागच्या जागेवर ठेवून ट्रेलर दिला होता, कुठली बोट येणार ते त्यांना माहीत नसतं. आख यू-बोल्टवर होता, सरकवता येणारा. आम्ही तो आहे तसाच धरून चाललो.

पहिल्यांदा बोटच मागं सरकवायचा मोह होतो, कारण ते सोपं आहे. विंचचा, म्हणजे बोट ओढून घ्यायच्या चरखीचा, खांब मागं घेतला की झालं. पण बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, ती खालच्या आधारांच्या टोकावर टेकलेली राहायला हवी. बाहेर लोंबली तर रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला इंजिन तिला खाली ओढतं आणि फायबर तडकतं. आमच्याकडं फक्त ६ सेंटिमीटर वाव होता. बाकीचं आखानं करायचं. कारखान्याला फोन लावला. सुट्टी असूनही त्यांनी उचलला, कुठपर्यंत सरकवायचं ते व्हॉट्सॲपवर लिहून दिलं.

दुपारभर हेच काम. मिस्त्रींनी सुट्टीच्या दिवशी त्यांचा एक पोरगा पाठवला, त्याला ८०० रुपये दिले. ट्रेलर ठोकळ्यांवर घेतला, यू-बोल्ट सैल केले, आख ४० सेंटिमीटर पुढं. दोन्ही बाजूंचं अंतर कपलरच्या मध्यापासून आखाच्या टोकापर्यंत टेपनं मोजून सारखं केलं, नाहीतर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालतो. पहिल्यांदा ८ मिलिमीटरचा फरक आला, पुन्हा ठोकला. ब्रेकची केबल आणि मडगार्डही सोबत हलवावे लागतात, हे आम्ही विसरलो होतो. त्यात आणखी दीड तास.

पुन्हा वजन. यावेळी फळी लागली नाही, काट्यानंच आकडा दिला: ८५. पुढच्या आखावरून ३५ कमी, मागच्यावर १२० जास्त. जीपच्या चाकावरच्या पत्र्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची आधी आणि नंतर टेपनं घेतली. पूर्वी जोडल्यावर पुढून १४ मिलिमीटर वर आणि मागून ३८ खाली जायची, आता ७ वर आणि २० खाली. याहून कमी करता आलं असतं, पण पुराच्या घाईत मागच्या बाजूला कोण काय टाकेल सांगता येत नाही. पुढं थोडं जड राहिलेलं बरं.

संध्याकाळी पुन्हा माधवनगर रस्ता. संजूभाऊ कवठेएकंद ओलांडून पुढं गेला, परत आला, आणि उतरल्यावर फक्त म्हणाला, "आता गाडी वाटती." समोरच्या एकानंही अप्पर मारला नाही.

७० हजारांची हिच घेतली नाही. दोन-अडीच टनांची मोठी बोट ओढणाऱ्याला ती लागेल, त्यानं जरूर बघावी. पण त्यानंही आधी फळी आणि घरचा काटा घ्यावा.

आरटीओचं थोडक्यात. तात्पुरती नोंदणी पुण्याहूनच घेतली होती. इथं तीन चकरा झाल्या आणि तिन्ही आमच्याच चुकांनी. पहिल्यांदा नमुना २२ वर सही होती, शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा पुसट होता. जस्ताच्या थरामुळं अक्षरं उथळ दिसतात, मऊ पेन्सिल आणि पातळ कागद घेऊन जा. तिसऱ्यांदा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "ट्रॅक्टरची ट्रॉली ना?" मी नाही म्हणालो तर त्यांनी मान वर करून बघितलं. बोटीचा ट्रेलर त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी निरीक्षकांना बोलावलं, ते बाहेर येऊन ट्रेलरभोवती फिरले, ब्रेक कसा चालतो ते माझ्याकडून ऐकलं, दांडी स्वतः ढकलून बघितली. ८ मे ला काम झालं. कर, फी, विमा, नंबरपाटी मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास. एक बारीक नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो: ट्रेलरच्या स्वतःच्या नंबराखेरीज ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागं दिसला पाहिजे. आम्ही जीपच्या नंबराची एक पाटी करून स्क्रूनं लावली, गाडी बदलली तर पाटी बदलायची.

मागं घेणं ही वेगळी शाळा आहे. स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं की ट्रेलर डावीकडं जातो, आणि घाबरून जास्त फिरवलं की कात्री होते. संजूभाऊ वीस वर्षं जीप चालवतो, त्याला जमेना. शेवटी उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एक मेव्हणा आणला. तो साखर कारखान्याच्या गेटवर भरलेल्या ट्रॉल्या मागं घेतो. त्यानं एका हातात चहा धरून आमचा ट्रेलर दोन खांबांमध्ये घातला. त्याची युक्ती: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात ज्या बाजूला नेशील, ट्रेलर त्या बाजूला जातो. तीन रविवार सराव केला.

त्या वर्षी पावसानं मृगाची वाट बघितली नाही, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातच धरला. आम्ही सराव पुढं ढकलायचा विचार करत होतो, पण पुरात काय ऊन पडणार आहे? २२ मे ला मळीतल्या गाडीवाटेनं ट्रेलर नदीत उतरवला. तिथं वाट अचानक उताराला लागते आणि जीप व ट्रेलर मधे मोडल्यासारखे होतात. त्या वळणावर दांडीखाली बघत होतो तेव्हा स्प्रिंगबार आठवले. असल्या खोल कोनात ते आधी सोडावे लागले असते, भर पावसात, चिखलात वाकून, प्रत्येक वेळी.

पाण्यात नेण्याआधी लाइटची पिन काढा. आणि आधी चाकाच्या मध्याला हात लावून बघा. लांबून आलेल्या ट्रेलरचं हब गरम असतं, तसंच गार पाण्यात घातलं की आतली हवा आखडते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढून घेतलं जातं. आम्ही वीस मिनिटं थांबलो. तेवढ्यात कोणीतरी कांदाभजी आणली. बाहेर आल्यावर साध्या पाण्यानं ब्रेक धुतले, दुसऱ्या दिवशी ग्रीस भरलं. चिखलात जीपचं मागचं चाक एकदा फिरलं, पण फोर-व्हील टाकल्यावर निघाली.

बोट पाण्यात जायला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, तिसऱ्यांदा बारा.

आता ट्रेलर शेडमध्ये आहे, चाकांखाली विटा, टायरची हवा महिन्यातून एकदा. विंचच्या खांबावर प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटवलाय: एकूण ७८०, दांडीवर ८५, बॉल ५०, सुरक्षेच्या साखळ्या फुलीत, लाइट, हब. खाली कुणीतरी निळ्या पेनानं लिहिलंय, "पेट्रोल कॅन आखाच्या वरच." अक्षर संजूभाऊचं आहे.